भाषा: कोबोल

४ मार्च, सोमवार

मेनफ्रेम, आमचं जुनं मोठं यंत्र, जाणार. आज लेखी आलं. एप्रिलमध्ये आमच्या गृहवाटप कार्यालयाचं सगळं काम नव्या यंत्रावर.

सोबत एक तक्ता आहे, मी तपासून सही करायची. दोनशे चौदा प्रोग्रॅम. रकाने चार: नाव, भाषा, ओळी, कर्ता. भाषा कोबोल असेल तर नव्या कंपनीचं भाषांतरयंत्र तो प्रोग्रॅम आपोआप पलीकडे नेणार. असेंब्लर असेल तर माणूस बसवून हाताने नव्याने लिहावा लागणार. म्हणून भाषेचा रकाना काळजीपूर्वक पाहावा, असं पत्रात अधोरेखित केलंय.

अनुक्रमांक एकशे सदुसष्ट. सॉर्ट. कोबोल. चाळीस ओळी. कर्ता: शिष्य.

तिथे अर्थात त्याचं नाव छापलंय. या वहीत ते येणार नाही. आता तो आमचा संचालक आहे. माझ्या हाताखाली आला तेव्हा त्याला साधा टेप चढवता येत नव्हता.

सॉर्ट, म्हणजे याद्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम, मी लिहिला. असेंब्लरमध्ये, यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत. नऊ हजार ओळी, चौदा महिने.

कोबोलवर रेघ मारायला पेन्सिल उचलली होती. मारली नाही. तक्ता खणात टाकून घरी आले.

५ मार्च

धाकटीला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. वह्या तपासता तपासता म्हणाली, बावीस वर्षांत माझे चार चष्मे झाले, पाच मुख्याध्यापक झाले, तुझा राग मात्र जसाच्या तसा, कुठल्या डब्यात ठेवतेस?

राग असला की क्रम चुकतो, म्हणून क्रमाने लिहिते.

शिष्याला असेंब्लर जमलं नाही. कोबोल तो सुबक लिहायचा. माझा सॉर्ट चालवण्यासाठी त्याने चाळीस ओळींचा कोबोल प्रोग्रॅम केला. कोबोलमध्ये सॉर्ट एवढा एक शब्द लिहायचा, कुठली फाइल, कुठल्या रकान्यावर लावायची ते सांगायचं, झालं. पुढे काय होतं ते कोबोलला माहीत नसतं. घंटा वाजवून चहा मागवणाऱ्याने चहा केलेला नसतो.

त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आलं: सॉर्ट प्रणाली, भाषा कोबोल, आणि त्याचं नाव. मी त्याच्या टेबलापाशी गेले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे असंच राहू द्या." पुढच्या वर्षी त्याला बढती मिळाली.

वाईट वर्ष होतं ते. वरून फतवा निघाला होता की असेंब्लर बंद, कोबोलखेरीज काही ठेवायचं नाही. आमच्यातले दोघे असेंब्लरवाले गोदामात गेले, फॉर्मांचे गठ्ठे लावायला. मी राहिले. माझ्या कामाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

६ मार्च

आता मुद्द्याचं.

घरासाठी अर्ज करणाऱ्यांची यादी गट आणि वर्ष यांवर लागते. एकाच गटात, एकाच वर्षी हजार-बाराशे अर्ज. त्यांच्यात आधी कोण? अर्जाचा क्रमांक उपयोगाचा नाही; प्रत्येक खिडकीची पुस्तकं वेगळी होती. कोण आधी आलं हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही. अर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने फाइलमध्ये उभे आहेत, इतकंच.

आणि सॉर्ट म्हणजे सगळ्यांना उठवून पुन्हा बसवणं. दोन नोंदी सारख्या निघाल्या की साधा सॉर्ट त्यांना कशाही बसवतो. त्याच्या लेखी त्या सारख्याच. माझा बसवत नाही. आत येणाऱ्या प्रत्येक नोंदीच्या शेपटीला मी एक क्रमांक बांधते, बरोबरी झाली की तो बघते, बाहेर सोडताना कापून टाकते. खूण राहत नाही. म्हणून कुणाला कधी कळलंही नाही.

तक्त्यात कोबोल राहिलं तर भाषांतरयंत्र त्याच्या चाळीस ओळी पलीकडे नेईल. तिथे सॉर्ट हा शब्द नव्या यंत्राच्या तयार सॉर्टला हाक मारेल. तो सी भाषेत लिहिलेला आहे, वेगवान आहे आणि सारख्यांचा क्रम पाळत नाही. माहितीपुस्तकात बारीक टाइपात तसं दिलंय. मी वाचलं. दुसरं कुणी वाचणार नाही.

कुठेही चूक दाखवली जाणार नाही. यादी स्वच्छ निघेल आणि चुकीची असेल. तिच्यावर कर्ता म्हणून नाव कुणाचं, हे बावीस वर्षं छापलेलं आहे.

मला खोटं काही बोलायचं नाही. फक्त सही करायची आहे.

८ मार्च, शुक्रवार

नव्या कंपनीची मुलगी आज माझ्यासमोर बसली. चुणचुणीत आहे. विचारत होती, जुन्या यंत्रांवरचे सॉर्ट सगळे असेंब्लरमध्येच का लिहायचे.

सांगितलं. यंत्राचा निम्मा दिवस सॉर्टमध्ये जायचा. एक तुलना कोट्यवधी वेळा होते. तिथे एक सूचना वाचवली तर संध्याकाळी तास वाचतो. ती सूचना कोबोलमध्ये दिसतही नाही. टेपवरून वाचायचं तेही मधल्या कुणाला न विचारता, थेट. बाजारात मिळायचे ते सॉर्टही आतून असेंब्लरच. काही मोठ्या कंपन्या वरचा भाग आपल्या खासगी भाषेत लिहायच्या, जी त्या बाहेर कुणाला शिकवत नसत. वरून बघणाऱ्याला कोबोल दिसायचं, कारण हाक कोबोलमधून जायची.

तिने तक्ता उलटला. म्हणाली, पण तुमचा तर कोबोलमध्ये आहे.

मी म्हटलं, तसं लिहिलंय खरं.

ती हसली. म्हणाली, बरं झालं, माझा एक महिना वाचला.

११ मार्च

शिष्याने केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. घंटा वाजवूनच.

हवापाण्याचं बोलला. धाकटीची चौकशी केली. मग म्हणाला, "मॅडम, तक्त्यावर घाईने सही करू नका. एकशे सदुसष्ट जरा नीट बघा. आता त्यात काय दुरुस्ती करावीशी वाटली तर करा. आता काही हरकत नाही."

माझ्यासमोर, माझ्या तोंडावर. एकशे सदुसष्ट. मिरवायची हौस अजून फिटलेली नाही.

"तुम्ही लिहिलंय साहेब, मी काय दुरुस्त करणार," म्हटलं.

त्याने मान खाली घालून कपातली साखर ढवळली. केस पांढरे झालेत त्याचे. बरं वाटलं.

१३ मार्च

लिफ्टमध्ये मामांनी विचारलं, आता किती पुढे आहेत हो. मामा म्हणजे आमचे लिफ्टवाले. सगळं कार्यालय त्यांना मामाच म्हणतं. एकोणीस वर्षांपूर्वी अर्ज केलाय. दर वर्षी मी यादी बघून सांगते. गेल्या यादीत त्यांच्या गटात एकतिसावे होते आणि या एप्रिलला त्या गटाला चाळीस घरं आहेत.

म्हटलं, या खेपेला होतंय मामा.

त्यांना माहीतच होतं. एकतीस मेला ते निवृत्त होतात आणि त्याच दिवशी मागच्या आवारातली कार्यालयाची खोली सोडावी लागते. मामींनी पडद्यांचं कापड आणून ठेवलंय म्हणे. खिडक्या किती हे कळल्याशिवाय आणू नका सांगत होतो, म्हणाले, पण बाईमाणूस ऐकतंय कुठे. मग मी बाईमाणूसच आहे हे लक्षात येऊन चाचरले.

तिसऱ्या मजल्यापर्यंत हसत होतो दोघं.

१५ मार्च, शुक्रवार

सही केली. तपासले, खाली नाव, तारीख.

तक्ता टपालाच्या ट्रेमध्ये ठेवला.

मामांचा विचार केला होता. यादी चुकेल, बोंब होईल, मी माझ्या नऊ हजार ओळींची छापील प्रत काढून दाखवीन, जुन्या यंत्रावर यादी पुन्हा निघेल. ते वर्षअखेरपर्यंत राखून ठेवणार आहेत. आठवड्याचा उशीर. आमच्या कामात कायमचं असं काही बिघडत नाही. टेप शाबूत असेल तर सगळं पुन्हा चालवता येतं.

२८ मार्च

चाचणी झाली. त्या मुलीने स्वतः दोनशे नोंदी बनवल्या होत्या. एकही दुसरीसारखी नव्हती. बरोबरीची वेळच आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिष्याने माझ्याकडे पाहिलं. मी पण वाजवल्या.

१२ एप्रिल

जाड्याचा फोन. गोदामात गेलेल्या दोघांपैकी हा एक, दुसरा वारला. याला गुडघ्यांनी घरी बसवलंय. मेनफ्रेम जाणार म्हणून हळहळला. मग मला राहवलं नाही, एकशे सदुसष्टचं सांगितलं. सहीचं नाही सांगितलं.

तो हसायला लागला. म्हणाला, "अगं, अजून तेच धरून बसलीस? त्या वर्षी तिथे असेंब्लर आणि तुझं नाव छापलं असतं तर तू आमच्याबरोबर गठ्ठे लावत असतीस. पोरगं तेवीस वर्षांचं, पण डोकं चाललं त्याचं. तुझा प्रोग्रॅमही वाचला आणि तूही."

मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. म्हणाला, सांगायला कशाला पाहिजे.

जाड्याला आता नीट आठवत नाही. वय झालं.

१३ एप्रिल

आणि समजा तसं असलं, तरी पुढच्या वर्षी फतवा मागे घेतला होता. तेव्हा का नाही बदललं? तेव्हा त्याची बढती झाली होती. त्या नावावर झाली होती.

२२ एप्रिल, सोमवार

नव्या यंत्रावर पहिली खरी यादी. पूर्वी चार तास लागायचे, आज अकरा मिनिटं.

छापील प्रत सगळ्यांच्या आधी मी घेतली. मामांचा गट काढला. पहिल्या चाळिसात मामा नाहीत. बोट लावत खाली गेले. सातशे अडतीस.

बावीस वर्षांत असं काही आतून हललं नव्हतं. आनंद म्हणता येणार नाही. पण गणित सुटल्यावर होतं तसं.

२३ एप्रिल

मामांनी विचारलं. म्हटलं, यादी अजून बघितली नाही.

धाकटीने रात्री जेवताना विचारलं, लिफ्टवाल्यांचं झालं ना गं? तिला काय माहीत असतं कुणास ठाऊक. तिलाही तेच सांगितलं. तिने ताटातून वर पाहिलं आणि चेष्टा न करता पुन्हा जेवायला लागली. हे नवीन आहे.

शिष्याने एका माणसाचं घर घालवलं. असं लिहून ठेवते, म्हणजे चौकशीच्या वेळी शब्द शोधावे लागणार नाहीत.

२६ एप्रिल, शुक्रवार

सोमवारी वाटपाची पत्रं जाणार. आज पाच वाजून गेल्यावर, खोलीत मी एकटीच असताना, शिष्य माझ्या टेबलाशी आला. बोलावलं नाही, स्वतः आला. हातात यादी. समोरच्या खुर्चीत बसला, जिथे बावीस वर्षांपूर्वी शिकायला बसायचा.

"मॅडम, यादी बरोबर आहे?"

"चाचणी झालीय साहेब. तुम्ही होतात."

"चाचणीचं नाही विचारत. तुम्हाला विचारतोय."

म्हटलं, यादी तुमच्या प्रोग्रॅमची आहे, मी कोण सांगणार.

त्याने यादी टेबलावर ठेवली, सरळ केली. म्हणाला, "त्यात काही असलं तर आज सांगा. मी थांबवतो. माझ्या सहीने थांबवतो, कुणाला कारण देणार नाही."

सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण आज सांगितलं तर उद्या काय होईल तेही दिसत होतं. संचालकांनी वेळेत पकडलं. संचालकांची नजर बारीक. पुन्हा अहवाल, पुन्हा मुखपृष्ठ.

"मला काही सांगायचं नाही," म्हटलं.

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला की तो सही करतोय, कारण मी तपासलंय. माझ्या हातून गेलेलं कधी चुकलेलं त्याने पाहिलेलं नाही.

शेवटपर्यंत जबाबदारी माझ्यावर ढकलायची. मुरलेला माणूस.

२९ एप्रिल, सोमवार

पत्रं गेली.

६ मे, सोमवार

किल्ल्या वाटल्या. मला वाटलं होतं पत्रं आणि किल्ल्या यांच्यात महिना जाईल, पूर्वी जायचा. नव्या यंत्रामुळे सगळंच लवकर होतंय. लोक त्याच दिवशी सामान घेऊन राहायला गेले.

मामांनी आज नुसता मजला विचारला. त्यांना पत्र आलेलं नाही.

९ मे

फाटकावर माणसं जमली. शे-दीडशे असतील. एकाच्या हातात एकोणीस वर्षांपूर्वीची पावती होती, प्लास्टिकच्या पिशवीत. पहारेकरी म्हणत होता, साहेबांना भेटा, साहेबांना भेटा. एक म्हातारी त्याला म्हणाली, तुझ्या साहेबाला माझ्या ओळीत उभा कर, मग भेटते.

शिष्य खाली आला, त्यांच्यात उभा राहिला. वरून दिसत होतं. ऊन कडक होतं. त्याला कुणी बसायला दिलं नाही.

खिडकीतून हलले नाही मी. यासाठीच थांबले होते.

२० मे, सोमवार

चौकशी. तिघं जण, मधे अध्यक्ष बाई, बाजूला लिहून घेणारा कारकून. शिष्य एका टोकाला. शुक्रवारी निलंबनाचा आदेश निघालाय त्याच्यावर.

मला साक्षीदार म्हणून बोलावलं. नऊ हजार ओळींची प्रत मी पिशवीतून नेली होती. टेबलावर ठेवली तेव्हा आवाज झाला. प्रत्येक पानावर तारीख आहे, माझी आद्याक्षरं आहेत. सगळं सांगितलं: सॉर्ट कोबोलमध्ये नाही, असेंब्लरमध्ये आहे, संचालकांचा नाही, माझा आहे, सारख्यांचा क्रम कसा राखला जातो, आणि नव्या यंत्रावर का राखला गेला नाही. वीस मिनिटं बोलले. एकदाही अडखळले नाही. बावीस वर्षं तयारी होती.

अध्यक्ष बाईंनी कारकुनाला सांगितलं, लिहा. भाषा असेंब्लर. कर्ता, आणि माझं नाव. पूर्ण नाव. कारकुनाने आडनाव पुन्हा विचारून घेतलं.

मग बाईंनी तक्ता उचलला. म्हणाल्या, यावर तपासले म्हणून सही तुमची आहे. तेव्हा भाषा चुकीची आहे हे तुम्हाला माहीत होतं?

मी काही म्हणायच्या आत शिष्य बोलला. "मॅडमना मी तपासायला वेळ दिला नव्हता. तक्ता आला त्याच दिवशी सही मागितली. त्यांची चूक नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लिहून घेणाऱ्याने हात थांबवला.

माझ्या साक्षीत, माझ्या दिवशी, त्याला पुन्हा माझ्या वतीने बोलायचं होतं. मी काय करते, मला काय माहीत असतं, ते तो सांगणार. मला घाईत काही दिसलं नाही म्हणे. मला.

"अकरा दिवस होते," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी दिसलं होतं."

शिष्याने डोळे मिटले.

बाईंनी विचारलं, मग सांगितलं का नाही. मी म्हटलं, भाषेचा रकाना मी भरलेला नव्हता. त्यांनी कारकुनाला हेही लिहा म्हणून सांगितलं.

२१ मे

जुन्या यंत्रावर यादी पुन्हा काढली. माझा सॉर्ट, चार तास, एकही नोंद इकडची तिकडे नाही. मामा एकतिसावे.

उपयोग नाही म्हणतात. राहायला गेलेल्यांना उठवता येणार नाही. त्यांनी काही खोटं केलेलं नाही. सुटलेल्यांना पुढच्या इमारतीत पहिला मान. पुढच्या इमारतीचा पाया अजून खणायचा आहे.

धाकटीने विचारलं, जिंकलीस ना? मी म्हटलं, कागदावर माझं नाव आलं. तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतःचं घेऊन आतल्या खोलीत गेली.

मलाही नोटीस येणार असं नव्या कंपनीची मुलगी सांगत होती. माझ्याकडे न बघता सांगत होती. येऊ दे.

२४ मे, शुक्रवार

नोटीस घ्यायला बोलावलं होतं. लिफ्टमध्ये मी आणि मामा दोघंच.

मामा म्हणाले, "बाई, तुम्हाला आधीपासून माहीत होतं, असं म्हणतात."

मी म्हटलं, "चूक त्याची होती, मामा. कागद बघा हवं तर."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. मामा स्टुलावर बसून राहिले, हात मांडीवर. मी जरा वाट पाहिली. मग जाळीचं दार मीच ओढलं. पहिल्यांदा सरकलं नाही. पिशवी खाली ठेवून दोन्ही हातांनी ओढावं लागलं. फार जड आहे ते.